आवाजाला आवाजाचे उत्तर

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास अमेरिकेहून लेकीचा फोन आला. नातू सहा महिन्यांचा झाला होता आणि 'मेच्या सुट्टीत तुम्ही दोघं या' हे तिने विचारले नव्हते, सांगितले होते. तिकिटे जावईबापूंनी काढली. मग दर रविवारी सूचना येऊ लागल्या. लोणचे कशात बांधायचे, सौभाग्यवतींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी कोणत्या पिशवीत ठेवायची, मुंबईच्या विमानतळावर किती तास आधी पोहोचायचे. त्यांतच एक सूचना अशी होती : "बाबा, विमानाची घरघर बंद करणारा हेडफोन मिळतो, तो घ्या. पंधरा-सोळा तास आहेत. उतरल्यावर डोकं भणभणतं."

मी इतिहासाचा एम.ए. हेडफोन या वस्तूशी माझा संबंध एवढाच, की विद्यार्थ्यांच्या कानांवरून तो काढून घ्यायचा आणि पालक येईपर्यंत कपाटात ठेवायचा. निपाणीच्या आमच्या शाळेत माझ्या कपाटात असे सात-आठ नग नेहमी पडलेले असतात. तरीही लेकीचा शब्द मोडवेना, म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून बेळगावची एस.टी. धरली.

खडेबाजारच्या बाजूला एका दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा विशीतला, एका वाक्यात मराठी, कानडी आणि इंग्रजी तिन्ही बोलणारा, म्हणजे अस्सल आपल्याकडचा. त्याने खोकी मांडली. सोनी, बोस, सेनहायझर आणि आणखी कितीतरी नावे. तीन हजारांपासून तीस हजारांच्या पुढपर्यंत. "सर, कानावर घालूनच बघा की," म्हणत त्याने एक काळा जोड माझ्या डोक्यावर चढवला आणि बाजूचे बटण दाबले. दुकानातल्या वातानुकूलन यंत्राची घूंऽऽ, डोक्यावरच्या पंख्याची भणभण, दोन्ही एकदम गेले. बोलणारा मुलगा समोर दिसत होता, त्याचे ओठ हलत होते आणि शब्द लांबून आल्यासारखे येत होते. त्या हलणाऱ्या ओठांकडे बघताना मला आमच्या अण्णांची आठवण झाली. मी हेडफोन काढून ठेवला, 'विचार करून येतो' म्हणालो आणि बाहेर पडलो.

अण्णा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या वडगावात आमचे घर. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा पट्टा. शहापूर तर संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या मुलखात होते आणि तिथल्या लुगड्यांचे नाव दूरवर होते. पुढे हातमाग गेले, यंत्रमाग आले. अण्णा १९६५ च्या सुमारास एका शेडमध्ये मागावर उभे राहिले ते थेट साठी गाठेपर्यंत. शेड म्हणजे पत्र्याचे छप्पर, भिंतीला भिंत लागून माग आणि माणसाला आडवे होऊन जाता येईल एवढी वाट. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, पेटीवर आपटतो, परत फेकला जातो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. ज्यांनी ती गल्ली ऐकली आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी पत्र्याच्या डब्यात बसून बाहेरून कोणीतरी मुसळाने तो ठोकतो आहे अशी कल्पना करावी.

शेडमध्ये कोणी कोणाशी ओरडून बोलत नाही, कारण उपयोग नसतो. खुणांनी आणि ओठांनी बोलतात. अण्णांच्या शेजारच्या मागावरचे काका कानडी बोलणारे. त्यांच्या ओठांकडे बघत अण्णांनी तीस वर्षे काढली. बाराएक वर्षांतच अण्णांना कमी ऐकू येऊ लागले असावे, पण आम्हाला ते कळले नाही. ते मोठ्याने बोलत, आम्हाला वाटे चिडलेत. हाक मारली तर वळत नसत, आम्हाला वाटे रागावलेत. माझ्या दहावीच्या वर्षापर्यंत आमच्या घरात वडील तापट आहेत असाच समज होता.

पुढे लक्षात आले ते विचित्रच होते. आई मराठीत बोलली की अण्णा "काय? काय?" करत. तेच मी कानडीत "अण्णा, ऊट आतेन?" म्हटले, की ताबडतोब "इन्नू इल्ल" असे उत्तर येई. ओठ वाचायची सवय त्यांना कानडीत लागली होती. मराठी ते कानाने शिकले होते आणि कान गेले होते. तेव्हापासून आमच्या मराठी घरात आम्ही भावंडे वडिलांशी कानडी बोलू लागलो. आईला ते शेवटपर्यंत रुचले नाही. शेजारीपाजारी हसत. सीमाभागात घरात कोणती भाषा बोलतो यावरून माणसाची बाजू ठरवतात, हे या अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे? २०११ साली अण्णा गेले. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलेले अखेरचे वाक्य "होगि बर्तीनि" हे होते.

असो. हेडफोनकडे वळतो. दुकानातून आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे आधी इतिहास शोधला. वस्तू विकत घेण्यापूर्वी तिची कुळी पाहावी, हा आमच्या विषयाचा दोष म्हणा की गुण.

कामामुळे कान जातात हे माणसाला फार जुने ठाऊक आहे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी कारागिरांच्या रोगांवर लिहिताना व्हेनिसच्या तांबटांची नोंद केली. दिवसभर तांबे ठोकून हे लोक बहिरे होतात, असे त्याचे निरीक्षण होते. आपल्याकडच्या तांबट आळ्यांतही हे लोकांना दिसतच असणार, फक्त लिहून ठेवायची पद्धत नव्हती. १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टराने बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, ही त्याची परीक्षा. शंभरांत एकाचेही कान धड निघाले नाहीत. म्हणजे अण्णा मागावर उभे राहिले त्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षे आधी हे सिद्ध झालेले होते.

आवाज आवाजाने मारावा, ही कल्पना मात्र विसाव्या शतकातली. पाउल ल्यूग नावाच्या जर्मन पदार्थविज्ञानज्ञाला १९३६ साली तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. नळीतून येणारा आवाज मायक्रोफोनने पकडायचा, त्याच्या नेमक्या उलट आवाज कर्ण्यातून सोडायचा, म्हणजे दोघे एकमेकांना खाऊन टाकतील. कल्पना बिनचूक होती, पण तेवढ्या चपळाईने काम करणारी विद्युत-साधने तेव्हा नव्हती. १९५३ साली अमेरिकेतल्या ऑल्सन आणि मे या दोघांनी एक यंत्र करून दाखवले आणि ते विमानातल्या प्रवाशाच्या डोक्याशी बसवता येईल असेही सुचवले. त्याच दशकात लॉरेन्स फोगेल याने हेलिकॉप्टर आणि विमान चालवणाऱ्यांच्या कानांसाठी पेटंटे घेतली. वस्तू बाजारात यायला मात्र आणखी तीस वर्षे लागली.

इथे अमर बोस येतात. मोबाइलवर एक संदेश फिरत असतो, की 'भारतीयाने शोध लावला'. तो अर्धाच खरा आहे. अमर बोस १९२९ साली फिलाडेल्फियात जन्मले. त्यांचे वडील ननीगोपाळ बोस हे बंगालमधले स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. इंग्रजांच्या तुरुंगातून सुटून १९२० साली त्यांनी अमेरिका गाठली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वडिलांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा शाळकरी अमर रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत असे. पुढे एम.आय.टी. या नामांकित संस्थेत तो प्राध्यापक झाला आणि १९६४ साली त्याने स्वतःची कंपनी काढली. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला परतताना विमानात प्रवाशांना नव्या तऱ्हेचे हेडफोन दिले होते. बोस यांनी ते लावले, पण इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकूच येईना. दुसरा माणूस हवाई सुंदरीकडे तक्रार करता. बोस यांनी कागद काढला आणि विमान उतरायच्या आत गणित मांडून पाहिले. १९८६ च्या डिसेंबरात डिक रूटन आणि जीना येगर यांनी 'व्हॉयेजर' विमानातून कुठेही न उतरता, इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांचे कान वाचावेत म्हणून बोस यांच्या प्रयोगशाळेतले नमुने त्यांना दिले होते. १९८९ साली वैमानिकांसाठी ते विक्रीला आले. जर्मनीत सेनहायझर कंपनीही त्याच दशकात लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी हेच करत होती. सामान्य प्रवाशांसाठी बोस यांचे हेडफोन २००० साली निघाले. तेव्हा शोध एकट्याचा नाही, हे खरे. पण कल्पनेला वस्तूचे रूप देण्यासाठी पदरचा पैसा घालून इतकी वर्षे धीर धरणारे थोडेच.

हे वाचताना मी मनाशी साले जुळवत होतो. १९८६ साली अण्णा चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि दुसऱ्या पाळीला जात होते.

आता ही चीज काम कशी करते? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले तर त्यांनी दोन मुलांना मैदानावर दोरी धरून उभे केले. एकाने दोरीला वरच्या बाजूला झटका द्यायचा, त्याच क्षणी दुसऱ्याने तेवढाच झटका खालच्या बाजूला. दोन्ही लाटा मध्ये भेटल्या आणि दोरीचा मधला बिंदू जागचा हलला नाही. मुले थक्क झाली, मीही झालो. सर म्हणाले, "विमानाची घरघर सारखी, एकसुरी आणि खर्जातली असते. तिची लाट तीन-तीन मीटर लांब असते, त्यामुळे यंत्राला तिची उलटी लाट जुळवायला सवड मिळते. शिट्टीची लाट काही सेंटिमीटरची. तिथे यंत्र जरासे चुकले तरी फसले." वरच्या पट्टीतल्या आवाजाला अडवते ती कानाभोवतीची गादी, यंत्र नव्हे. मूल रडले, भांडे पडले, कोणी टाळी वाजवली, तर ते ऐकू यायचेच.

एवढे कळल्यावर निवड सोपी झाली. कोणाला उपयोग होईल म्हणून सांगून ठेवतो. दुकानात गाणे लावून दाखवतात ते ऐकू नये. गाणे बंद ठेवून, पंख्याखाली उभे राहून बटण दाबावे आणि फरक पाहावा. चष्मा घालणाऱ्याने चष्म्यासकटच परीक्षा घ्यावी. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते आणि त्या फटीतून निम्मा आवाज आत येतो. माझा पहिला पसंतीचा जोड याच कारणाने बाद झाला. अडीचशे ग्रॅम वजन दुकानात काहीच वाटत नाही, सहाव्या तासाला वाटते, म्हणून निदान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवून दुकानात फिरावे, मालक काय म्हणेल याची फिकीर करू नये. बॅटरी वीस तासांहून अधिक चालणारी हवी, म्हणजे मधल्या विमानतळावर भिंतीतला प्लग शोधत हिंडावे लागत नाही. वायर लावायची सोय असलीच पाहिजे, कारण पुष्कळ विमानांत आसनासमोरचा पडदा अजून वायरीनेच बोलतो, आणि काही ठिकाणी दोन पायांची खाच असते, तिला जोडणारा छोटा तुकडा वेगळा लागतो. बॅटरीची वस्तू हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत घालू नये. कानात खुपसायच्या बोंडांचाही पर्याय आहे. ती हलकी असतात आणि कुशीवर झोपता येते, पण बॅटरी लवकर उतरते आणि पन्नाशीनंतर अंधारात खाली पडलेले बोंड शोधणे हा स्वतंत्र व्यायाम होतो. विमान उतरताना कानात दडे बसतात त्यावर मात्र यांतले काहीही चालत नाही. तिथे गोळी चघळणे आणि आवंढा गिळणे हाच उपाय.

किमतीचे म्हणाल तर सर्वांत महागडा मी घेतला नाही. मधला घेतला. तरीही अण्णांनी कोणत्याही एका वर्षी एवढे पैसे एकत्र पाहिले नसतील हा विचार बिल देताना आलाच.

लेकीने सांगितलेल्या कारणाहून मोठे एक कारण आहे. जेट विमानात बसलेल्या माणसाच्या कानांवर साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज असतो. त्यात सिनेमा ऐकायचा तर माणूस आवाज वाढवतो, म्हणजे घरघरीवर आणखी भर. घरघर गेली की हळू आवाजात भागते. ८५ डेसिबलवर दिवसाचे आठ तास ही पुष्कळ देशांत मानलेली मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, हा हिशेब मी शाळेच्या फळ्यावर मांडला. यंत्रमागाच्या शेडमध्ये शंभराच्या आसपास भरतो. ८५ वरून १०० म्हणजे पाच वेळा दुप्पट, बत्तीस पट. आठ तासांत कानाला जेवढे सोसायचे, तेवढे शेडमध्ये पंधरा मिनिटांत भरते. अण्णांची पाळी बारा तासांची होती. हिशेब पूर्ण केला आणि फळा पुसला.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आवाजाने येणारे बहिरेपण पुढे कळवण्याजोग्या रोगांत घातले गेले. पण विजेवर चालणाऱ्या जागेला तो कायदा दहा कामगारांपासून लागू होत असे, आणि वडगावातल्या घराघरांत माग चार, सहा, आठ. अण्णांच्या शेडमध्येही तेवढेच. त्यांच्या मालकाने काही लपवले असे मी म्हणणार नाही. मालकही त्याच शेडमध्ये बसत आणि तेही बहिरे झाले.

मे महिन्यात आम्ही गेलो. मुंबई सुटल्यावर अर्ध्या तासाने मी हेडफोन चढवला. घरघर गेली, हे कबूल केले पाहिजे. पण मागच्या रांगेतल्या एका बाळाचे रडणे पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येऊ लागले, जणू बाकीच्या आवाजांनी त्याला वाट करून दिली. सौभाग्यवतींनी हेडफोनला हात लावला नाही. कानांत कापूस घातला, शेजारच्या सुरतेच्या आजींशी हिंदीत गप्पा मारल्या आणि माझ्याआधी झोपल्या. तरी उतरल्यावर माझे डोके भणभणत नव्हते, त्यांचे भणभणत होते. नातवाला पाहताच तेही थांबले.

परत आल्यावर श्रावणात वडगावला गेलो. आमच्या चुलत भावाकडे अजून दोन माग चालतात. गल्लीतले पुष्कळ माग भंगारात गेले, त्याचे राहिले आहेत. हेडफोन बरोबर नेला होता. शेडमध्ये उभा राहून बटण दाबले. मोटारीची घूं गेली. धोट्याची खडखड मात्र तशीच राहिली, उलट मोटारीचे पांघरूण निघाल्यामुळे आणखी धारदार वाटली. धोटा म्हणजे एकसुरी घरघर नव्हे. प्रत्येक वेळी तो नवा फटका असतो आणि यंत्र त्याची उलटी लाट जुळवेपर्यंत फटका होऊन गेलेला असतो. वैमानिकांच्या कानांसाठी एवढ्या हुशारीने केलेली वस्तू मागावर निम्मीशिम्मीच चालते, हे मला त्या दिवशी समजले.

माझ्या खिशात दुसरीही वस्तू होती. स्पंजासारखी पिवळी बोंडे, चिमटीत दाबून कानात घालायची, तिथे ती फुगून बसतात. औषधाच्या दुकानात काही रुपयांत जोडी मिळते. अमेरिकेत ती सत्तरच्या दशकापासून आहेत, म्हणजे अण्णा तिशीत असल्यापासून. ती घातली आणि खडखड एकदम लांब गेली, शेजारच्या गल्लीत माग चालल्यासारखी. मी भावाला डबीच दिली. त्याने बोंडे उलटसुलट करून पाहिली, घातली, मागाकडे बघत उभा राहिला आणि लगेच काढली.

मी हातानेच विचारले, काय झाले?

तो मला दाराबाहेर घेऊन आला. "दादा, आवाज कमी झाला खरं, पण धागा तुटला तर कळणार कसं? माग बिघडला की आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. धोटा अडकला, पट्टी सैल झाली, सगळं आवाजातच असतंय. नळ्यातलं पाणी भरलं की आवाज बदलतोय नव्हं, तसं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. हे त्या पेटंटांत कुठे लिहिलेले मी वाचले नव्हते. अण्णांच्या कानांनी तीस वर्षे काय ऐकले असेल, हेही तोवर मी फक्त खडखड म्हणूनच मोजत होतो.

आम्ही चहा प्यालो. निघताना मी शेडमध्ये डोकावलो. तो मागापाशी उभा होता. भिंतीकडच्या कानात पिवळे बोंड होते, मागाकडचा कान मोकळा होता. मला पाहून त्याने हात वर केला आणि ओठांनीच काहीतरी म्हणाला. तीन शब्द होते. कानडीत होते की मराठीत, मला ओळखता आले नाही.